बरणीतून काचेपर्यंत: हिस्टोपॅथॉलॉजीत नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञासाठी

गाठीचा तुकडा काढला, तपासायला पाठवला आणि काही दिवसांनी कागद हातात आला. रुग्णाच्या घरच्यांना एवढेच दिसते. मधले दिवस तो तुकडा तुमच्या ताब्यात असतो. डीएमएलटी किंवा बीएससी करून तुम्ही पहिल्यांदाच हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतकांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विभागात, येत असाल, तर रक्ततपासणीतली एक सवय आधी सोडा. तिथे नमुना बिघडला तर पुन्हा सुई टोचून रक्त घेता येते. इथे जठरातून दुर्बिणीने काढलेला दोन मिलिमीटरचा कण वाळला की वाळला. त्याच्यासाठी रुग्णाला पुन्हा उपाशीपोटी नळी गिळावी लागते. संपूर्ण काढून टाकलेली गाठ तर दुसऱ्यांदा काढताही येत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की करा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा दोष बहुतेक वेळा दोन-तीन पायऱ्या आधीच घडून गेलेला असतो. केंद्रके धुरकट दिसली की नवा माणूस रंग बदलत बसतो, आणि चूक असते फॉर्मलिनच्या (ऊतक टिकवणाऱ्या द्रवाच्या) बरणीत. म्हणून प्रत्येक पायरीची चूक पुढे कुठे डोके वर काढते, तेही त्या-त्या ठिकाणी सांगितले आहे.

हाताशी काय हवे

कागद: तपासणीची मागणीचिठ्ठी, आवक नोंदवही, ग्रॉसिंगची (नमुना पाहून, मोजून, कापून त्यातले काप निवडण्याची) वही, ब्लॉक (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) आणि स्लाइड बाहेर देण्याची वही. साहित्य: १०% बफर फॉर्मलिन, रुंद तोंडाच्या बरण्या, प्लास्टिकच्या कॅसेट (जाळीदार डब्या), पट्टी, वजनकाटा, शाई, धारदार लांब सुरी, दात नसलेले चिमटे, चढत्या तीव्रतेची अल्कोहोल, झायलीन, ५८ ते ६० अंशांना वितळणारे पॅराफिन मेण, मायक्रोटोम (पातळ काप काढणारे यंत्र) आणि त्याची ब्लेड, गरम पाण्याचे भांडे, फ्रॉस्टेड स्लाइड, हिमॅटॉक्सिलिन (निळा रंग), इओसिन (गुलाबी रंग), डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवणारा द्रव). आणि साधी शिसपेन्सिल. ती का लागते ते तिसऱ्या पायरीत येईल.

१. नमुना ताब्यात घेताना

आपल्याकडे बरणी बऱ्याचदा नातेवाईकच घेऊन येतात, तीही गावच्या दवाखान्यातून दोन-तीन तासांचा प्रवास करून. ते समोर उभे असतानाच तीन गोष्टी पाहा: बरणीवरचे नाव आणि चिठ्ठीवरचे नाव एकच आहे का, तुकडा कुठून आणि कोणत्या बाजूने काढला ते लिहिले आहे का, आणि तो कोणत्या द्रवात आहे. नाव झाकणावर लिहिलेले असेल तर ते बरणीच्या अंगावर लिहून घ्या, कारण ग्रॉसिंगच्या टेबलावर झाकणे बाजूला निघतात आणि एकमेकांत मिसळतात.

चिठ्ठीत वय, लिंग, त्रासाचा थोडक्यात इतिहास, आधीच्या तपासणीचा क्रमांक आणि तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ हवी. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना असेल तर शेवटच्या पाळीची तारीख हवीच. ती नसेल तर पॅथॉलॉजिस्टला त्या अस्तराचा अर्थ नीट लावता येत नाही. राहिलेली माहिती लगेच फोन करून विचारा. नातेवाईक निघून गेल्यावर ती मिळणे कठीण होते.

नमुना कशात आला आहे, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नेहमी दिसणारे चार प्रकार असे:

– सलाईनमध्ये आलेला तुकडा. सलाईन पेशी टिकवत नाही, आत कुजण्याची क्रिया सुरूच राहते. किती तास झाले ते नोंदवा आणि लगेच फॉर्मलिनमध्ये टाका.

– इंजेक्शनच्या बाटलीत कोंबलेला तुकडा. मऊ असताना तो अरुंद तोंडातून आत जातो, घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही. चिमट्याने ओढाल तर चिरडेल. बाटली कापडात गुंडाळून काळजीपूर्वक कापा किंवा फोडा.

– कोरड्या गॉजवर ठेवलेले बारीक कण. ते धाग्यांत अडकतात आणि वाळतात. पाठवणाऱ्या दवाखान्याला सांगा की गॉजऐवजी गाळणकागद वापरा.

– सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकलेली मानेची गाठ, आणि चिठ्ठीवर ‘क्षयरोग?’ असे लिहिलेले. कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) हा तुकडा गेला, कारण फॉर्मलिन जंतूंना मारते. अशा वेळी अर्धा भाग फॉर्मलिनमध्ये आणि अर्धा निर्जंतुक सलाईनमध्ये, वेगळ्या डबीत, कल्चर आणि सीबीनॅटसाठी (क्षयरोगाच्या जंतूच्या जनुकीय तपासणीसाठी) पाठवायचा असतो. आपल्या भागात मानेच्या गाठींमध्ये क्षयरोग इतका आढळतो की ही सूचना छापून प्रत्येक शस्त्रक्रियागृहात लावून घ्यावी.

शस्त्रक्रिया सुरू असताना होणाऱ्या फ्रोझन सेक्शनचा (तुकडा गोठवून लगेच काप पाहण्याचा) नमुना आणि मूत्रपिंडाच्या बायोप्सीतला इम्युनोफ्लुरोसन्सचा (चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडे पाहण्याच्या तपासणीचा) भाग फॉर्मलिनमध्ये टाकायचा नसतो. गाऊट या संधिवाताच्या युरेट खड्यांची शंका असेल तर तुकडा थेट अल्कोहोलमध्ये हवा, पाण्यात ते खडे विरघळून जातात.

२. फॉर्मलिन: सगळे इथेच ठरते

१०% फॉर्मलिन या नावाने अनेकांचा गोंधळ होतो. बाजारात मिळणारे फॉर्मलिन म्हणजे ३७ ते ४०% फॉर्माल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की १०% फॉर्मलिन होते, आणि त्यात फॉर्माल्डिहाइड सुमारे ४% असते. एक लिटर बफर फॉर्मलिनसाठी:

बाजारातले फॉर्मलिन: १०० मिलि
डिस्टिल्ड वॉटर: ९०० मिलि
सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट): ४ ग्रॅम
डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल): ६.५ ग्रॅम

फॉस्फेटच्या बाटलीवर ‘डायहायड्रेट’ लिहिले असेल तर वजन बदलते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय वजन करू नका. पीएच ६.८ ते ७.२ च्या दरम्यान हवा. क्षार न घालता नुसते पाणी मिसळलेले फॉर्मलिन ठेवून आम्लधर्मी होते, आणि रक्त जास्त असलेल्या तुकड्यात, उदाहरणार्थ प्लीहेत, तपकिरी-काळे दाणे तयार करते. सूक्ष्मदर्शकाखाली ते मलेरियाच्या रंगद्रव्यासारखे दिसतात. म्हणजे चार आणि साडेसहा ग्रॅम क्षार वाचवले, आणि पॅथॉलॉजिस्टपुढे नसलेला मलेरिया उभा केला.

प्रमाण लक्षात ठेवा: तुकड्याच्या किमान १० पट फॉर्मलिन, २० पट असेल तर उत्तम. फॉर्मलिन पहिल्या तासात साधारण एक मिलिमीटर आत जाते, पुढे वेग मंदावतो. म्हणून अख्खी गर्भपिशवी किंवा अख्खे स्तन बरणीत बुडवून रात्रभर ठेवले तर बाहेरचा थर घट्ट होतो आणि आतला गाभा सकाळी लालसर, बुळबुळीत निघतो. मोठा अवयव आल्या-आल्या उघडा. गर्भाशय कडेने चिरा. स्तनाच्या नमुन्यावर आधी कडांना शाई लावा, मग पावाचे काप करतात तसे एक-एक सेंटिमीटरचे काप पाडून मध्ये गॉज घाला. आतडे उघडून पसरवा आणि टाचण्यांनी बोर्डावर टाचा. हे काप पॅथॉलॉजिस्टला विचारून, त्यांच्या देखरेखीखालीच पाडायचे.

स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-२ या (औषध निवडण्यासाठी पेशींची ग्रहणके पाहणाऱ्या) तपासण्या पुढे होणार असतात. त्यासाठी तुकडा काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये जायला हवा, आणि तिथे किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. शनिवारी दुपारी आलेला नमुना सोमवार-मंगळवारपर्यंत विसरला जातो, आणि त्या बाईला कोणते औषध लागू पडेल याचे उत्तर चुकू शकते. सुट्टीच्या आधीच्या दिवशी बरण्यांची फळी एकदा डोळ्यांखालून घाला.

हातमोजे न घालता बरणीत हात घालू नका. फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये जंतुनाशक म्हणून फॉर्माल्डिहाइड वापरताना स्वतःच्या बोटांची कातडी कडक झालेली पाहिली, आणि त्यावरूनच ऊतक घट्ट करण्याची ही पद्धत निघाली. तुकड्याला जे होते तेच कातडीला होते. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. एक्झॉस्ट पंखा बंद असेल तर ग्रॉसिंग सुरू करू नका.

३. ग्रॉसिंग

तुकड्याचे वर्णन आणि निवड पॅथॉलॉजिस्ट करतात. तुम्ही शेजारी उभे राहून लिहिता, कॅसेट देता, मोजता. तरी नियम तुमच्याच हातात आहेत.

टेबलावर एका वेळी एकच बरणी उघडी हवी. एकासारखे एक दोन नमुने, म्हणजे दोन पित्ताशये किंवा दोन क्युरेटिंग (गर्भाशयाचे खरवडलेले अस्तर), लागोपाठ घेऊ नका. मध्ये वेगळा अवयव घाला, म्हणजे अदलाबदल झाली तरी ध्यानात येते. प्रत्येक नमुन्यानंतर सुरी, चिमटा आणि बोर्ड पुसा. एका रुग्णाच्या कर्करोगाचा कण दुसऱ्याच्या निरोगी नमुन्यात जाऊन बसणे हा आपल्या कामातला सगळ्यांत घातक अपघात आहे.

कॅसेटवर क्रमांक शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेन आणि साधा मार्कर अल्कोहोलमध्ये धुऊन जातो, आणि सकाळी अल्कोहोल आणि मेणातून नेणाऱ्या यंत्रातून चाळीस कोऱ्या कॅसेट बाहेर येतात.

कॅसेटमधला काप ३ ते ४ मिलिमीटर जाड हवा. झाकण दाबून बसवावे लागले तर काप जाड आहे. त्यात मेण शिरणार नाही, आणि जाळीचा ठसा उमटेल तो वेगळाच. बारीक कण गाळणकागदात गुंडाळा, त्यांना इओसिनचा एक थेंब लावा म्हणजे मेणात दिसतील, आणि किती कण आहेत ते वहीत लिहा. सहा लिहिले असतील तर ब्लॉकमध्येही सहाच मोजायचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान १२ लसिकाग्रंथी शोधायच्या असतात. चरबीत बोटाने चाचपत त्या शोधण्यात तास जातो, आणि तो द्यावाच लागतो.

हाडाचा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये पूर्ण फिक्स (घट्ट) करा, मगच त्यातला कॅल्शियम काढा. घाई असेल तर १०% फॉर्मिक आम्ल, वेळ असेल तर ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारे रसायन). आम्लात जास्त दिवस राहिला तर केंद्रके रंगच घेत नाहीत. तुकडा मऊ झाला का ते रोज सुई टोचून नव्हे, वाकवून पाहा, सुईने भोके पडतात.

४. पाणी काढणे, मेण भरणे

मेण आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे, आणि मग झायलीनची जागा मेणाला द्यायची. रात्रभराचा एक नेहमीचा क्रम:

१०% फॉर्मलिन: १ तास
७०% अल्कोहोल: १ तास
८०%: १ तास
९५%: १ तास
निर्जल अल्कोहोल: तीन भांडी, प्रत्येकी १ तास
झायलीन: दोन भांडी, प्रत्येकी १ तास
मेण, ६० अंश: तीन भांडी, प्रत्येकी १ ते दीड तास

दुर्बिणीचे बारीक कण या लांब क्रमात घालू नका, ते ठिसूळ होतात. त्यांना प्रत्येक भांड्यात २० ते ३० मिनिटे पुरतात. इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. प्रोसेसिंगला ते चालते, इओसिन मात्र त्यात करू नका.

झायलीन दुधाळ दिसले तर पाणी तिथपर्यंत पोहोचले आहे. निर्जल अल्कोहोल बदला, आणि ती भांडी ठरलेल्या दिवशी बदलायची तारीख भिंतीवर लावा. पाणी राहिलेला तुकडा ब्लॉकमध्ये एक-दोन दिवसांत खोलगट बसतो, कापताना चुरा होतो. असा ब्लॉक वितळवून तुकडा उलट्या क्रमाने अल्कोहोलपर्यंत परत न्यायचा आणि पुन्हा पुढे आणायचा. तो वाचतो, पण पहिल्यासारखा होत नाही.

५. एम्बेडिंग: तुकडा कसा बसवायचा

इथे हात थांबवून विचार करावा लागतो. ब्लॉकचा जो पृष्ठभाग साच्याच्या तळाला टेकतो तोच आधी कापला जातो.

कातडीचा तुकडा कडेवर उभा हवा, म्हणजे वरच्या थरापासून चरबीपर्यंत सगळे थर एका कापात येतात. तो आडवा पडला तर नुसती बाहेरची साल दिसते आणि कर्करोग खाली किती खोल गेला ते सांगता येत नाही. तोंडातल्या तुकड्यालाही हेच लागू. तंबाखूमुळे आपल्याकडे असे नमुने कायम येतात. त्या आजाराची सूक्ष्मदर्शकाखालची ओळख पक्की करण्यात परळच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे काम मोठे आहे. नळीसारखा अवयव (अपेंडिक्स, बीजवाहिनी, शुक्रवाहिनी) उभा ठेवा म्हणजे गोल छेद मिळतो. आतड्याच्या भिंतीचा तुकडाही कडेवर. बारीक कण सगळे एकाच पातळीत, एका ओळीत, सपाट दाबून बसवा. एक कण वर राहिला तर तो कापात येईपर्यंत बाकीचे संपलेले असतात.

चिमटा दर वेळी गरम खाचेत घालून पुसा. थंड चिमट्याला चिकटलेला कण पुढच्या रुग्णाच्या ब्लॉकमध्ये जातो.

६. मायक्रोटोम

काप ३ ते ४ मायक्रॉन जाडीचा हवा, मूत्रपिंडाच्या बायोप्सीला २ ते ३. ब्लॉकला हात लावण्याआधी चाक कुलूपबंद करा, ब्लेडवर गार्ड ओढा. अपवाद कधीच नाही. ब्लेड हाताने पकडू नका.

आधी १० ते १५ मायक्रॉनने वरचे मेण काढा, तुकड्याचा पूर्ण चेहरा दिसला की थांबा. मग ब्लॉक बर्फावर तोंड खाली करून काही मिनिटे ठेवा आणि सावकाश, एकसारख्या गतीने चाक फिरवा. वेगाने फिरवलेले चाक काप चुरगाळते.

पाण्याचे भांडे मेणाच्या वितळबिंदूपेक्षा साधारण १० अंश थंड ठेवा. पाणी जास्त गरम झाले तर काप फाकतो, पेशी एकमेकींपासून सुटतात. थंड असेल तर सुरकुत्या जात नाहीत. रिबन (एकमेकांना चिकटलेल्या कापांची पट्टी) पाण्यावर ठेवताना तिचे एक टोक आधी टेकवा आणि बाकीची अलगद ओढत सोडा. मग काच पाण्यात तिरपी घालून वर उचलली की काप तिच्यावर येऊन बसतो. प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिश्यू पेपरने ओढून स्वच्छ करा. पाण्यावर तरंगत राहिलेला एक पापुद्रा दुसऱ्याच्या स्लाइडवर चढला, तर त्या माणसाच्या अहवालात भलताच आजार लिहिला जाऊ शकतो.

काय बिघडले ते कापावरूनच कळते:

उभ्या रेघा: ब्लेडला खाच आहे किंवा तुकड्यात कॅल्शियम आहे. ब्लेडची जागा बदला. रेघ जागा बदलली नाही तर दोष तुकड्यात.

आडव्या लाटा, एक काप जाड एक पातळ: ब्लेड किंवा ब्लॉक ढिला, नाहीतर कोन चुकला.

बारीक भोके, कसर लागल्यासारखी: सुरुवातीला जाड ट्रिम करताना तुकडा उपटला गेला. बर्फावर ठेवून आणखी काही काप टाका.

रिबन जुळतच नाही: खोली किंवा ब्लॉक फार थंड, किंवा ब्लॉकच्या वरच्या आणि खालच्या कडा समांतर नाहीत.

बारीक बायोप्सीचे काप फेकू नका. वेगवेगळ्या पातळ्यांचे काप एकाच काचेवर घ्या आणि मधले काही कोऱ्या काचांवर राखून ठेवा. पुढे खास रंग किंवा आयएचसी (प्रतिपिंडे वापरून करायची विशेष रंगतपासणी) लागली तर तेवढाच तुकडा उरलेला असतो.

७. रंग

स्लाइड ६० अंशांच्या ओव्हनमध्ये २० ते ३० मिनिटे ठेवा, मग:

झायलीन दोनदा, ५-५ मिनिटे. निर्जल, ९५%, ७०% अल्कोहोल. पाणी. हॅरिसचे हिमॅटॉक्सिलिन ५ ते ८ मिनिटे. पाणी. १% आम्ल-अल्कोहोलमध्ये एक-दोन बुचकळ्या. पाणी. निळे करणे: वाहत्या नळाखाली ५ ते १० मिनिटे किंवा अमोनियाच्या सौम्य पाण्यात काही सेकंद. १% इओसिन १ ते २ मिनिटे. ९५% आणि निर्जल अल्कोहोल. झायलीन. डीपीएक्स आणि कव्हरस्लिप.

हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोकडच्या कॅम्पेचे या झाडाच्या लाकडातून येते. त्यावर हवेने धातूसारखी चमकणारी साय धरते, ती रोज सकाळी गाळा. नाहीतर स्लाइडवर निळे-काळे डाग येतात. आरओच्या पाण्यात स्लाइड नीट निळी होत नाही, लालसर-जांभळी राहते. बोअरचे जड पाणी या कामाला उलट चांगले.

पहिली स्लाइड पूर्ण झाली की स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, मगच पुढचा ट्रे घाला. केंद्रके निळी हवीत आणि त्यांच्या आतले कण स्पष्ट दिसायला हवेत. नुसता निळा ठिपका म्हणजे आम्ल-अल्कोहोल कमी पडले. इओसिनच्या छटा वेगवेगळ्या दिसायला हव्यात: तांबड्या पेशी भडक, स्नायू मध्यम, तंतू फिके गुलाबी. सगळे एकसारखे गुलाबी असेल तर इओसिन जास्त झाले. केंद्रकांवर तपकिरी, चमकदार ठिपके दिसले तर झायलीनमधून काढलेली स्लाइड कव्हरस्लिप लावण्याआधी वाळली आहे. ती झायलीनमध्ये परत घालून, अल्कोहोलमधून मागे नेऊन पुन्हा आणली तर सुधारते.

८. कचरा

ऊतकांचे उरलेले भाग पिवळ्या पिशवीत. ब्लेड पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात. फुटलेल्या काचा निळ्या खुणेच्या खोक्यात. वापरलेले फॉर्मलिन आणि झायलीन बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्यांकडे द्या. अहवाल जाऊन ठरलेली मुदत संपेपर्यंत ओला नमुना टाकायचा नसतो. टाकताना दोघांनी क्रमांक वाचून सही करायची.

९. ब्लॉक बाहेर देताना

कर्करोगाचा अहवाल आला की विदर्भ, मराठवाडा, कोकणातून माणसे मुंबईला निघतात, आणि तिथे ब्लॉक मागितले जातात. ते घाबरलेले असतात, रात्रीची गाडी असते, आणि तुमच्या खिडकीशी उभे असतात. तरी क्रम सोडू नका. देण्याआधी प्रत्येक ब्लॉकचा एक काप काढून रंगवून स्वतःकडे ठेवा. वहीत ब्लॉकचे क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, नाते, फोन आणि सही घ्या. अहवालाची प्रत सोबत द्या.

स्लाइड प्लास्टिकच्या स्लाइडडबीत द्या. दोन काचा रबरबँडने एकत्र बांधल्या की गाडीच्या धक्क्यांनी तुटतात. ब्लॉक छोट्या पिशवीत, भोवती कापूस, आणि नातेवाइकांना स्पष्ट सांगा की उन्हाळ्यात हे गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बंद डिकीत ठेवू नका, मेण मऊ होऊन तुकडा जागचा हलतो. ते हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगा. ब्लॉकवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक त्यांच्यासमोर बोट ठेवून जुळवून दाखवा, आणि परत आणायची तारीख त्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.